मोडीत निघालेल्या वस्तू आणि प्रगतीचे चित्र : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवतीची होती. टाकून दिलेल्या, मोडीत निघालेल्या वस्तू एकत्र करून अमूर्त चित्र किंवा भित्तिशिल्प कसे करावे, आणि आपल्या भागात प्रगतीच्या नावाने जे बदल होत आहेत त्यांविषयी त्यातून काही म्हणता येईल का, असे वाचकांनी विचारले आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे घर वडगावात विणकरांच्या गल्लीत आहे. आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी यंत्रमाग घातले आणि काही वर्षांपूर्वी तेही विकले गेले. माळ्यावर जेकार्डच्या कार्डांची बोचकी, धोटे, कांड्या आणि फण्या पडून आहेत. त्यांपासून प्रगती या विषयावर अमूर्त काम करावे असे मनात आहे; परंतु जे करून पाहते ते दिवाणखान्यातल्या शोभेच्या फळीसारखे दिसते. माझे काय चुकते?
(एक वाचिका, वडगाव)

उत्तर : आडवा धागा वाहून नेणारा धोटा इतका देखणा असतो की तो फळीवर बसवला की काम झालेच असे वाटते, आणि बहुतेकांची फसगत तेथेच होते. पाहणारा "अरे, हा तर धोटा!" असे म्हणतो, त्याला आपले लहानपण आठवते, तो एक उसासा टाकतो आणि पुढे जातो. ओळख पटली की पाहणे थांबते. अमूर्त कामात नेमके याच्या उलट घडावे लागते: वस्तू ओळखू येण्याआधी तिचा आकार, तिचे अंतर, तिची पुनरावृत्ती नजरेत भरली पाहिजे आणि ती वस्तू कोणती हे मागाहून उमगले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हॅनोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स याने ट्रामची तिकिटे, वेष्टणे आणि फाटके छापील कागद चिकटवून चित्रे केली. त्यांतील तिकीट हे तिकीटच राहते, तथापि ते आधी रंगाचा एक चौकोन म्हणून आपले काम करते. यासाठी धोटे, कांड्या आणि फण्या सध्या माळ्यावरच राहू द्याव्यात आणि कार्डे तेवढी खाली काढावीत, असे मी सुचवीन.

कार्डेच का, तेही सांगतो. जेकार्डचे कार्ड म्हणजे भोके पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी. विणताना एका आडव्या धाग्याच्या वेळी ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे वर उचलायचे याची आज्ञा त्या भोकांत असते, आणि अशी कार्डे क्रमाने ओवून त्यांची माळ मागावर फिरवली जाते. जोसेफ मारी जाकार याने फ्रान्समधील लिऑन येथे 1804 च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा मागावर बसून हाताने दोऱ्या ओढणाऱ्या मदतनिसाचे काम संपले आणि तेथील विणकरांनी त्याला विरोध केला. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात अशाच कार्डांची योजना केली, आणि अमेरिकेतील 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेली कार्डेच मोजली. संगणकाच्या कुळात हे कार्ड असे पूर्वज म्हणून बसलेले आहे. आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर ताण्याचे धागे संगणकाच्या हुकमाने उचलले जातात आणि पुठ्ठ्याचे काम उरत नाही. आपल्या माळ्यावरील बोचकी त्यांच्याच वंशजाने निकामी केली आहेत.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. आपल्या वडिलांचा यंत्रमाग ज्या दिवशी घरात आला त्या दिवशी तोच प्रगती होता, आणि आजोबांचा हातमाग त्याच्यापुढे मागे पडला. आपण नेमक्या कोणत्या प्रगतीविषयी बोलणार आहात, हे ठरवल्याशिवाय हात घालू नये. "पूर्वीचे गेले, वाईट झाले" एवढेच म्हणायचे असेल तर ते चित्राशिवायही म्हणता येते. शिवाय ते पुरते खरेही नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढून कानांनी अधू झालेली आणि कापसाच्या तंतूंनी छाती भरलेली माणसे विणकरांच्या वस्तीत नवीन नाहीत. त्यांना हे माग जाण्याचे दुःख किती आणि सुटका किती, हे आधी विचारून पाहावे. ते उत्तर मिश्र असेल, आणि चित्रही तसे मिश्र असायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष करण्याविषयी. साधारण 4 फूट बाय 3 फुटांची, 12 मिलिमीटर जाडीची, पाण्यात न फुगणारी प्लायवूड घ्यावी आणि तिला मागून लाकडी पट्ट्यांची चौकट द्यावी. कार्डांवर क्रमांक असतात; तो क्रम मोडू नये. वरपासून एकाखाली एक अशी ती लावत जावे, आणि जेथे मधली कार्डे गहाळ असतील तेथे तेवढीच जागा मोकळी सोडावी. ती रंगाने किंवा दुसऱ्या कशाने भरू नये. जेथे कार्डे संपतात तेथून खाली त्याच मापाच्या पट्ट्या कापून लावाव्यात, मात्र त्या बाहेरगावच्या साड्या ज्या खोक्यांतून आपल्या पेठेत येतात त्या नालीदार पुठ्ठ्याच्या असाव्यात. दोन्ही पुठ्ठेच. वरच्यावर भोकांची आज्ञा आहे, खालचा कोरा आहे, आणि एखाद्या पट्टीवर बारकोड राहिला तर राहू द्यावा, कारण तीही रेघांत लिहिलेली आज्ञाच आहे. फक्त ती विणण्याची नसून विकण्याची आहे. एवढ्या दोन साहित्यांत काम पुरे होते. तिसरे घातले की पुन्हा शोभेची फळी होईल. कार्डे फळीपासून बोटभर अंतरावर, लाकडाच्या बारीक ठोकळ्यांवर उचलून बसवली आणि उजेड एका बाजूने दिला तर प्रत्येक भोकाची सावली मागे पडते, आणि रंगाची गरज जवळजवळ उरत नाही.

कार्डांना कसर आणि वाळवी लागते, म्हणून लावण्यापूर्वी ती उन्हात ठेवून मऊ ब्रशने झाडावीत. पुठ्ठ्यासाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद पुरतो. तो थोडे पाणी घालून पातळ थरात लावावा. आणि एका नक्षीचा एक पूर्ण संच मात्र जसाच्या तसा बाजूला ठेवावा. शहापूर-वडगाव-खासबागच्या मागांवर कोणते काठ विणले गेले, याचा तो पुरावा आहे, आणि चित्रासाठी पुरावा खर्ची घालणे मला पटत नाही.

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, काम करतो. मागील अंगणात जुने लाकडी पॅटर्न (ज्यांवरून वाळूत साचा घेतात ते नमुने), जळकी वाळू आणि वाया गेलेले ओतीव भाग पडून असतात. ते नेण्यास मालकांची हरकत नाही. यातून मोठे भित्तिचित्र करायचे आहे. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) तुकडे कोणत्या गोंदाने चिकटवावेत आणि वाळू कशी लावावी?
(एक कामगार वाचक, अनगोळ)

उत्तर : बिडाचे तुकडे कोणत्याही गोंदाने लावू नयेत. बीड पाण्याच्या सुमारे सातपट जड असते. चार इंची ठोकळा हातात घेतला तरी तो सात किलोंच्या आसपास भरतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. अरल्डाइटसारखा दोन भागांचा गोंद धातूला घट्ट धरतो हे खरे, परंतु गंजलेल्या तुकड्यावर तो धातूला न धरता वरच्या गंजाच्या थराला धरतो, आणि एका पावसाळ्यात तो थरच सुटून येतो. ओतीव भागांना बहुधा भोके असतातच. त्यांतून वॉशरसह बोल्ट घालून तो मागच्या 18 मिलिमीटर प्लायवूडच्या पलीकडे नटाने आवळावा, आणि संपूर्ण फळी भिंतीत अँकर बोल्ट ठोकून टांगावी. गोंद आधाराला ठेवावा, भिस्त त्यावर नको.

वाळूबाबत अधिक सावध राहावे लागेल. ओतकामाची वाळू मुख्यतः सिलिकाची असते, आणि तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. जळक्या वाळूत रेझिनचे अवशेषही असतात. कारखान्यात जे टाळता येत नाही ते घरी, मुलाबाळांत, हौसेखातर ओढवून घेऊ नये. कोरडी वाळू चाळू नये. साच्यातून निघालेले, रेझिनने धरून राहिलेले घट्ट ढेकूळ निवडावेत, ते उघड्यावर, ओलसर करून आणि एन-95 मास्क लावून फोडावेत. फळीवर पांढऱ्या गोंदाचा जाड थर देऊन त्यावर ओलसर वाळू दाबावी, दोन दिवस वाळू द्यावी आणि वरून एक भाग गोंद व तीन-चार भाग पाणी असे मिश्रण फवारून ती पक्की करावी. जुन्या पॅटर्नवरचा रंगही घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2017 च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या कोणत्याही रंगात शिसे असू शकते असे धरून चालावे.

गंजलेल्या लोखंडाला काळा रंग हवा असेल तर बाजारातील रंगाआधी हिरडा वापरून पाहावा. हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्यावी. लोखंडावरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि ते पाणी वर फिरवावे. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने निळसर काळा रंग चढतो. कापडाला काळा रंग देण्याची जुनी रीतही हीच आहे. वाळल्यावर मेणाचा हात द्यावा.

आपण विचारलेले नाही, तरी एक सुचवावेसे वाटते. पॅटर्न हा नेहमी हव्या असलेल्या वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण बीड निवताना साधारण एक टक्का आकसते. पॅटर्न आणि त्यातून निघालेला, वाया गेलेला ओतीव भाग असे दोन्ही आपल्याकडे आहेत. ते शेजारी शेजारी, एकाच मध्यरेषेवर लावले तर तो किंचितसा फरक डोळ्याला आधी खटकतो आणि मग दिसतो. उद्योगांच्या आश्वासनांविषयी आणि प्रत्यक्ष हाती आलेल्याविषयी काही म्हणायचे असल्यास याहून अधिक सामग्री लागणार नाही.

प्रश्न : आमच्या शिवारातील बासमतीची जमीन रस्त्याच्या कामात गेली. शेतातील माती, पिंजर, मोजणीच्या खुंट्या आणि भूसंपादनाची नोटीस माझ्याकडे आहे. हे सर्व एका चित्रात आणायचे आहे. चित्रात राग दिसावा, असे वाटते.
(एक शेतकरी वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर : प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. मूळ नोटीस, मोजणीचा नकाशा किंवा उतारा यांपैकी काहीही चित्रात चिकटवू नये. प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासचा वाद शेतकऱ्यांनी न्यायालयापर्यंत नेला, हे आपण जाणताच. चित्रात छायाप्रत वापरावी, आणि मला विचाराल तर तीही वापरू नये. छापील मजकूर समोर आला की पाहणारा वाचू लागतो, आणि वाचू लागला की माती ही नुसती पार्श्वभूमी होऊन बसते.

रागाला माझी हरकत नाही. पण तो लाल रंगाने किंवा फाडाफाडीने दाखवण्यापेक्षा मापाने दाखवावा. मोबदला गुंठ्यावर ठरतो. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजेच 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. आपले चित्र 33 इंच बाय 33 इंचांचे करावे. एका फुटाला एक इंच असे प्रमाण धरले की तो आपला एक गुंठा झाला. त्यातून रस्त्याचा किंवा त्याच्या कडेच्या गटाराचा जेवढा पट्टा गेला असेल तेवढाच, त्याच प्रमाणात, वेगळ्या साहित्याने भरावा. बांध कोठे होता, पाणी कोणत्या बाजूने येत होते, खुंटी कोठे ठोकली गेली, हे सर्व मापात बसवावे. खुंटी असेल तर तिच्या जागी तिचाच आडवा कापलेला काप लावावा. बाहेरच्या माणसाला ते एक अमूर्त चित्र दिसेल. आपल्या भावकीला मात्र ते पाहताक्षणी कळेल. असे दोन प्रकारचे प्रेक्षक एकाच कामाला लाभणे ही उणीव नाही.

मातीविषयी. काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते. ती जशीच्या तशी फळीवर थापली तर महिनाभरात खाली गळून पडेल. भेगा नको असतील तर चाळलेल्या मातीत बारीक कापलेली पिंजर आणि पातळ केलेला गोंद घालून, जुन्या भिंतींना गिलावा करीत तसा, पातळ थर एकावर एक द्यावा. भेगा हव्या असतील, आणि मला वाटते त्या हव्यात, तर फळीवर आधी गोणपाट ताणून चिकटवावे, त्यावर मातीचा बोटभर थर नुसत्या पाण्याने द्यावा, सावलीत सावकाश वाळू द्यावा, आणि भेगा पडून स्थिरावल्यावर पातळ गोंद थेंबाथेंबाने भेगांत सोडून प्रत्येक तुकडा खालच्या गोणपाटाला धरून ठेवावा. हे काम चिकाटीचे आहे.

भेगांचे एक मोठे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. इटलीतील सिसिली बेटावरचे जिबेलीना हे गाव 1968 च्या भूकंपात नष्ट झाले आणि लोकांना दुसरीकडे नवे गाव वसवून दिले गेले. आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराने नव्या गावात काही करण्याचे सोडून जुन्या गावाच्या अवशेषांवर पांढरे काँक्रीट ओतले. 1980 च्या दशकात सुरू झालेले ते काम त्याच्या मृत्यूनंतर, 2015 साली पुरे झाले. जुन्या गल्ल्यांच्या जागी त्याने माणूस चालू शकेल अशा भेगा सोडल्या. त्याने ना घरे दाखवली ना माणसे, पण गावाचा नकाशा मात्र तसाच राहिला.

डांबर वापरणार असाल तर ते वितळवू नये. वितळवलेले डांबर वर्षानुवर्षे मऊ राहते, उन्हाळ्यात ओघळते आणि वरच्या प्रत्येक रंगातून तपकिरी होऊन वर येते. रस्ता उकरताना निघालेले खडीसकट घट्ट तुकडे मिळाले तर तेच लावावेत.

प्रश्न : शाळेतील मुलांकडून रस्तारुंदीकरण या विषयावर टाकाऊ वस्तूंचे चित्र करून घ्यायचे आहे. मुले मैलाचे दगड, तोडलेल्या झाडांच्या फांद्या आणि रेल्वेमार्गाजवळचे खिळे गोळा करून आणतो म्हणतात. परवानगी लागते का?
(एक शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : रेल्वेमार्गाजवळचा एक खिळाही मुलांना आणू देऊ नये. रेल्वेची मालमत्ता विनापरवाना बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मार्गाजवळ जाण्याचा धोका त्याहून मोठा आहे. मैलाचा दगड उपटून पडलेला असला तरी तो शासनाचाच. तोडलेल्या झाडांचे लाकूड वनखात्याच्या किंवा ठेकेदाराच्या हिशेबात असते. पडलेली साल आणि पाने यांना कोणी अडवणार नाही, तरीही विचारूनच घ्यावे. रस्त्याच्या कामात घराचा पुढचा भाग गेलेल्या कुटुंबांनी स्वतःहून दिलेल्या वस्तू सर्वांत उत्तम. खानापूरची कौले ही तर आपल्या तालुक्याची ओळख, आणि पत्रे व स्लॅब आल्यावर फुटक्या कौलांचे ढीग परसदारी पडलेले असतात. जुने सिमेंटचे पत्रे मात्र मुलांना हाताळू देऊ नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

मुलांना दाखवण्यासाठी कर्नाटकातलेच एक काम सुचवतो. मूळच्या भद्रावतीच्या आणि बेंगळुरूत काम करणाऱ्या शीला गौडा यांनी रस्त्याच्या कामावरचे डांबराचे पिंप आणि पिंप उघडून सपाट केलेले पत्रे यांची एक खोलीच 2006 साली उभी केली. रस्ता बांधणारे मजूर अशाच पत्र्यांच्या खोपटांत राहतात. रस्त्यावर भाष्य करायचे तर रस्ता बांधणाऱ्याकडे पाहावे, हे त्यात न सांगता आलेले आहे. चंदीगडचे नेक चंद यांचे उदाहरण मुलांना अधिक आवडेल. नवे शहर वसवताना पाडलेल्या गावांच्या अवशेषांतून, फुटक्या बांगड्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांतून, रस्ते-निरीक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी शासकीय जमिनीवर गुपचूप एक उद्यान रचले, आणि पाडण्याऐवजी ते 1976 साली लोकांसाठी खुले झाले. त्यांच्या मूर्ती अमूर्त नाहीत, आणि परवानगीच्या बाबतीत त्यांचे अनुकरणही करू नये.

एक विनंती आहे. "झाड चांगले, रस्ता वाईट" असे उत्तर मुलांना आधीच देऊ नये. भीमगडच्या जंगलातील वाड्यांवरून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावर घालून आणावे लागते, हे आपल्याच तालुक्यातील मुलांना माहीत असते. त्यांच्या चित्रात रस्ता हवाहवासा दिसला तर तो पुसायला लावू नये.

प्रश्न : खडेबाजारातील आमच्या दुकानाची हाताने रंगवलेली जुनी मराठी पाटी काढून नवी लावली. जुन्या पाटीचे अमूर्त चित्र करायचे आहे. परंतु लोक त्याचा संबंध सीमाप्रश्नाशी जोडतील, अशी भीती वाटते.
(एक व्यापारी वाचक, बेळगाव)

उत्तर : जोडतीलच. कर्नाटकात 2024 पासून व्यापारी फलकांवर 60 टक्के जागा कन्नडला देण्याचा नियम आहे, आणि बेळगावात उतरवलेली मराठी पाटी पाहून कोणाला दुसरे काही आठवेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. आपल्याला त्याच प्रश्नावर बोलायचे असेल तर उघडपणे बोलावे. त्यासाठी प्रगतीचा आडपडदा घेऊ नये. चित्रकाराला स्वतःचे म्हणणे माहीत नसले की ते प्रेक्षकांना लगेच कळते.

पण आपल्या पत्रात "हाताने रंगवलेली" हे शब्द आहेत, आणि मला त्यांत दुसराच विषय दिसतो. बेळगावात पाट्या रंगवणारे पेंटर एकाच कुंचल्याने मराठीही लिहीत आणि कन्नडही लिहीत, आणि दोन्ही लिप्यांत त्यांचे वळण ओळखू येई. फ्लेक्सच्या छपाईने आणि दिव्यांच्या अक्षरांनी त्यांचे काम घेतले, तेव्हा भाषा पाहून घेतले नाही. हे नुकसान दोन्हीकडचे आहे, आणि प्रगतीवर भाष्य करायचे तर ते येथे आहे. एखादी उतरवलेली कन्नड पाटीही मिळवावी. दोन्हींचे आडवे पट्टे कापावेत, ते असे की एकही अक्षर पूर्ण राहणार नाही: मराठी पाटीतून शिरोरेषेचा पट्टा, कन्नड पाटीतून अक्षरांच्या माथ्यावरील तलेकट्टूच्या वळणांचा पट्टा. एकीकडे सलग रेघ, दुसरीकडे लहान लहान आकडे. ते एकाआड एक लावले की वाचता काहीच येत नाही, आणि कुंचल्याचा हात मात्र दिसतो. खाली एक पट्टा फ्लेक्सचा, पाठीमागची पांढरी बाजू वर करून. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. तो कापावा, पण जाळून किंवा तापवून आकार देऊ नये, त्यातून विषारी आम्लयुक्त वायू निघतो.

पत्र्याच्या पाटीवर बहुधा जुन्या नावांचे रंगांचे थर एकाखाली एक असतात. ते खरवडून काढण्याचा मोह होईल. शिशाविषयी वर लिहिलेच आहे. खरवडायचेच असेल तर पाणी मारून, ओलेच खरवडावे आणि निघालेला चुरा कागदात गुंडाळून पिशवीत बंद करून टाकावा.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीतील जुनी गोणपाटे शिवून मी काही अमूर्त चित्रे केली आहेत. प्रदर्शनात लोक विचारतात, "हे काय आहे?" चित्राखाली अर्थ लिहावा का? शिवाय एका चित्राला बारीक भोके पडू लागली आहेत.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : अर्थ लिहू नये, साहित्य लिहावे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकारांमुळे या भागातील प्रेक्षकाची नजर व्यक्तिचित्रावर आणि निसर्गचित्रावर उत्तम घडलेली आहे, "हे काय आहे?" हा त्याचा प्रश्न कुत्सित नसतो, त्याला खरोखरच धागा हवा असतो. "प्रगतीची शोकांतिका" अशा शीर्षकाने तो मिळत नाही. "गोणपाट, सुतळी, तंबाखूचा भुगा, वखारीच्या शिक्क्याची शाई" असे लिहिले की निपाणीतला माणूस दोन पावले पुढे येऊन वास घेऊन पाहील. वर उल्लेख केलेला बुर्री हा मूळचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टेक्सासमधील युद्धकैद्यांच्या छावणीत असताना तो चित्रे काढू लागला आणि पुढे त्याने फाटकी गोणपाटे शिवून केलेली चित्रे जगभर गाजली. त्या चित्रांना त्याने जी नावे दिली तीही बहुतेक "गोणपाट" एवढीच आहेत.

भोके पाडणारा किडा बहुधा तंबाखूचा भुंगेरा असावा. तो साठवणीतला तंबाखू पोखरतो, आणि त्याच्या अळ्या गोणपाटातील भुग्यात राहतात. चित्र चौकटीतून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करावे. लहान असेल तर शीतपेटीत आठवडाभर उणे 18 अंशांवर ठेवावे, बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, आणि मग मागची बाजू ब्रशने झाडून घ्यावी. मोठ्या चित्रासाठी कीडनियंत्रण करणाऱ्यांकडून धुरी देऊन घ्यावी. नवीन गोणपाट वापरण्यापूर्वी मात्र ते झटकून कडक उन्हात दोन-तीन दिवस घालावे, आणि झटकताना नाकातोंडाला फडके बांधावे. तंबाखूचा भुगा चित्रात हवाच असेल तर तो गोंदात पूर्ण भिजवून लावावा; कोरडा ठेवल्यास भुंगेरा पुन्हा येईल.